शुभेच्छुकांच्या दोन रांगा

आमच्याकडे माणूस जन्मला तरी फ्लेक्स लागतो, मेला तरी लागतो, आणि मधल्या काळात त्यानं काहीच केलं नाही तरी लागतो. पोरगा दहावी पास झाला, काका सोसायटीवर निवडून आला, नवा ट्रॅक्टर घेतला, नाहीतर नुसताच वाढदिवस आला, की चौकात थोबाड टांगलंच. मी हे नावं ठेवायला सांगत नाही. त्याच थोबाडांवर माझं घर चालतं. वाशीमला माझं फ्लेक्स छापायचं दुकान आहे, एकटीचं, आणि गावातल्या निम्म्या भावी नगरसेवकांच्या गालांवरचे मुरूम मी माझ्या हातानं पुसलेले आहेत.

"ताई, जरा गोरं करा ना मले," असं म्हणत येतात.

"किती गोरं?"

"वळखू आलो पायजे, इतकं."

फ्लेक्सची एक रीत असते. वरच्या पट्टीत मोठे पुढारी. मधे वाढदिवसवाला, हात जोडून किंवा कानाला मोबाईल लावून, काय ते त्याच्या स्वभावाप्रमाणे. आणि खाली शुभेच्छुकांची रांग. माझ्या मते खरं राजकारण त्या खालच्या रांगेतच चालतं. कोण पहिला, कोण शेवटी, कुणाचा फोटो कुणापेक्षा बोटभर मोठा, यावरून माझ्या दुकानात गचांड्या धरल्या गेल्या आहेत. एकदा कोपऱ्यात दोरीसाठी भोक पाडताना एकाच्या बरोब्बर कपाळात पडलं, तर तो महिनाभर माझ्याशी बोलला नाही. आणि एकदा एका केळीवाल्यानं आपला गाडा चुकून अशाच एका फ्लेक्ससमोर लावला, तर तीन शुभेच्छुक चहा टाकून धावत आले. "ए, तोंड झाकून राह्यला ना भाऊचं! हटव!" बिचारा केळीसकट पळाला. चौकात लाल दिवा कुणी मानत नाही, पण फ्लेक्सवरच्या तोंडापुढं कुणी उभं राहत नाही. ही आमच्या गावची शिस्त आहे, आणि एवढीच आहे.

आता गल्लीचं सांगते, कारण सगळं त्या गल्लीपायी झालं.

दुकान रस्त्याला लागून, दुकानामागं आमचं घर, आणि घराचा ओटा दुकानाच्या बाजूनं रस्त्यापर्यंत आलेला. घरात मी आणि माय. रस्त्याच्या पल्याड बरोब्बर समोर एक गल्ली सुरू होते आणि गल्लीच्या टोकाला विहार. आमच्या ओट्यावर बसलं की विहाराचं फाटक दिसतं, इतकं जवळ. गल्लीच्या तोंडाशी दोन्ही बाजूंना कंपाउंडच्या भिंती, आणि भिंत संपते तिथं पानठेला. पानठेला आला म्हणजे सुपारी-तंबाखूचा खर्रा आला, खर्रा आला म्हणजे तो घोटून होईपर्यंत उभे राहणारे आले, आणि आमच्याकडचा माणूस उभा राहतो तो गाडीसकट. दोन्ही भिंतींना मोटारसायकली तिरप्या लावलेल्या, मधे जी फट उरते तिच्यातून सडपातळ माणूस पोट आत घेऊन आडवा जाऊ शकतो.

माझी माय मूळची किन्हीराजाची. तरुणपणी लोकांच्या वावरात निंदायला जायची, वाशीमला आल्यावर एका शाळेत पोरांची खिचडी शिजवली. आवाज असा की वावराच्या या टोकाच्या धुऱ्यावरून हाक मारली तर त्या धुऱ्यावरचा बैल मान वळवायचा. विहारात दर रविवारी सकाळी वंदना तीच सांगायची. हे काम तिला कुणी नेमून दिलं नव्हतं. दुसऱ्या कुणी सुरू केलं तर बायका आपोआप तिच्याकडं बघत बसायच्या, म्हणून मग तीच सुरू करायची. पांढरं पातळ नेसून, केसांना तेल लावून ती निघायची तेव्हा ती माझी माय कमी आणि हेडमास्तरीण जास्त वाटायची.

मग तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. ऑपरेशन चांगलं झालं, डॉक्टर म्हणाले चाला, आणि तिच्या हाती वॉकर आला. चार पायांचा, अ‍ॅल्युमिनियमचा. माय त्याला घोडं म्हणते. घोडं चांगलं आहे, पण रुंद आहे. दोन हँडलांच्या मधून माणूस आडवा होऊन जातो, घोडं आडवं होत नाही.

पहिल्या रविवारी मी पुढं झाले. गाड्या ओढायला लागले, तर निम्म्यांची हँडलं लॉक. मग मी आवाज दिला. माझं तोंड तसं काही फार चांगलं नाही, आणि त्या दिवशी ते अजिबातच चांगलं नव्हतं. ज्याची गाडी त्याच्या आईबापांपर्यंत जाऊन आले. रस्ता झाला, पण मागं वळून बघते तो माय आमच्या ओट्याकडं परत निघालेली.

"काय झालं वं माय? झाला ना रस्ता!"

"तू पुढून शिव्या देत चाल, अन् मी मांगून पंचशील म्हनत येतो? मले नाई जमत बाई असं."

ती ओट्यावर बसली ती बसलीच. पुढच्या रविवारी नाही, त्याच्या पुढच्याही नाही. बायकांनी आधी वाट पाहिली, मग एकीनं मोबाईलवर वंदना शोधून काढली आणि स्पीकरला जोडली. आता मोबाईलवर फुकट ऐकायची रीत सगळ्यांना ठाऊक आहे. विहारातून मोठ्यानं आवाज आला, "केस गळतात का?" तेलाची जाहिरात. ती संपल्यावर त्रिशरण सुरू झालं. पहिल्या वेळी माय ओट्यावर बसून डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली. दुसऱ्या वेळी हसली नाही. तिसऱ्या रविवारी वंदनेच्या वेळेला ती उठून आत गेली आणि धुतलेली भांडी पुन्हा घासत बसली, खणखण आवाज करत. मला कळलं की तिला ते ऐकायचं नव्हतं. माझ्या जिवाची नुसती लाही झाली. ज्या बाईच्या आवाजाकडं लोक तोंड करून बसायचे, तिची जागा केसाच्या तेलानं घेतली होती, आणि का, तर काही पोट्ट्यांना खर्रा गाडीवर बसूनच लागतो.

मी पानठेलेवाल्याला बोलले. तो म्हणाला, "ताई, गिऱ्हाईक हाय. मी काय म्हनू?" नगरपालिकेच्या कचेरीत जाऊन सांगितलं, तिथले म्हणाले बघतो, आणि अजून बघतच असतील. राहता राहिला भावी. हा आमच्या भागातला भावी नगरसेवक. त्याचं खरं नाव सगळे विसरलेत, कारण फ्लेक्सवर नावापेक्षा 'भावी' मोठ्या अक्षरात असतं. किती निवडणुका आल्या आणि गेल्या, हा भावीच आहे. मनानं वाईट नाही. कुणाच्या घरी मयत झालं तर पहिला हजर, दवाखान्यात डबा पोचवायलाही हाच. पण त्याची ती भली मोठी बुलेट गल्लीच्या ऐन तोंडात आडवी, आरशाला गॉगल अडकवलेला. मी म्हटलं, "भाऊ, गाडी बाजूले घ्या ना."

"दोन मिनिट, ताई."

त्याच्या दोन मिनिटांत पेरलेली तूर शेंगेवर येते.

माझं डोकं फिरलं म्हणजे मी चित्र काढते. लहानपणापासूनची खोड आहे. अकोल्याला चित्रकलेचा कोर्स करत होते तेव्हा एका सरांनी आम्हाला जुन्या काळातली विलायती छापील चित्रं दाखवली होती. त्यात रस्त्यावरच्या उद्धट लोकांची टर उडवलेली. कुणी छत्री उघडून दुसऱ्याच्या डोळ्यात घालतोय, कुणी खांद्यावर शिडी घेऊन वळतोय आणि मागच्या बाईची टोपी उडतेय, दोघं बाप्ये फुटपाथ अडवून गप्पा हाणतायत आणि लोक गटारातून चाललेत. तशी चित्रं तिथं दुकानांच्या काचेत लावायचे म्हणे, आणि लोक बघायला गर्दी करायचे. मला तेव्हा फार हसू आलं होतं की गोऱ्या साहेबाच्या गावातसुद्धा आमचेच लोक राहत होते.

तर म्हटलं, काढू या. फ्लेक्सचा रोल कापताना बाजूला पट्ट्या उरतात, त्या मी ठेवून देते. हातानं चित्र काढलं, स्कॅन केलं आणि पट्टीवर छापलं. अगदी आमच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सच्या थाटात, सोनेरी अक्षरं, कोपऱ्यात फटाके, सगळं. वर लिहिलं, 'हार्दिक अभिनंदन! भर रस्त्यात आडवी गाडी लावण्यात संपूर्ण तालुक्यातून प्रथम आल्याबद्दल!' खाली बुलेटवर मांडी घालून बसलेला, हात जोडलेला, बत्तीस दात दाखवणारा एक मनुष्य. नाव टाकलं नाही. गरजच नव्हती. आणि एका कोपऱ्यात, अंगठ्याएवढी, वॉकर धरून उभी राहिलेली एक म्हातारी. सगळं चित्र खरं तर तिच्यासाठी होतं.

मग हात चालतच राहिला. खर्रा खाऊन भिंतीवर पिचकारी मारणारा, हातात ब्रशाऐवजी स्वतःची जीभ घेतलेला: 'आमचे येथे भिंती रंगवून मिळतील. रंग एकच.' दोन स्कूट्या रस्त्यात जोडीनं थांबवून बोलणाऱ्या दोघी: 'सासू विषयावरील खुले चर्चासत्र, वाहनधारकांना प्रवेश बंद.' मोबाईल कानाला लावून रस्त्याच्या मधोमध फिरणारा, मागं एसटीची रांग: 'साहेब देश चालवत आहेत, कृपया थांबा.' आणि प्रत्येक चित्राच्या कोपऱ्यात तीच म्हातारी, वॉकर धरून. दुकानाबाहेर दोरी बांधली, कपड्याचे चिमटे लावले आणि चित्रं टांगून दिली. टेबलावर मोठी कात्री हाताशी ठेवली, कारण भांडण होणार याची मला खात्री होती.

झालं असं की भावी आला. मागं चारपाच पोट्टे. दोरीपुढं उभा राहून त्यानं चित्र वरपासून खालपर्यंत वाचलं. मी आत कात्रीवर हात ठेवून उभी. तो आत आला, खुर्ची ओढून बसला.

"ताई, हे मीच ना?"

"तुम्हाले काय वाटते?"

"मीच आये," तो म्हणाला. मग जरा गंभीर झाला. "पन गॉगल नाई टाकला तुमी. गॉगलबिगर लोक वळखत नाईत मले."

मी कात्रीवरचा हात काढला.

"अन् खाली मोकळंच सोडलं! शुभेच्छुक कुठी आयेत? ह्या पोट्ट्याइचे फोटो टाका ना खाली. हे बी रोजच गाडी लावतेत अठी. ह्याइनं काय घोडं मारलं?"

पोट्ट्यांनी माना डोलावल्या. एक तर म्हणाला की त्याची गाडी भावीच्याही आधी येते, हवं तर ठेलेवाल्याला विचारा. आता सांगा, अशा माणसांची टर कशी उडवायची? अभिनंदन म्हटलं की आमच्या माणसाला पुढचं वाचायची गरज वाटत नाही. तालुक्यातून प्रथम आलो ना, बस. कशात, ते नंतर बघू.

दुसऱ्या दिवशी ठेलेवाला आला. जिभेनं भिंत रंगवणाऱ्याचं चित्र त्याला ठेल्यावर लावायला पाहिजे होतं, "लय भारी जाहिरात हाय." स्कूटीवाल्या दोघी हसत हसत आल्या आणि आपल्या चित्रासमोर रस्त्यात स्कूट्या जोडीनं थांबवून त्यांनी फोटो काढून घेतला. मागं एक ऑटोवाला हॉर्न वाजवून वाजवून थकला. सगळ्या गावात बोभाटा झाला. जो तो येऊन विचारायचा, "मी कोन्त्या चित्रात हावो?" एखादा कुठंच नसला तर त्याचं तोंड पडायचं. मानोऱ्याकडून येणारे, पोहरादेवीच्या यात्रेचे फ्लेक्स न्यायला आलेले लोकसुद्धा मोबाईलमध्ये फोटो घेऊन जायला लागले. म्हातारी कुणाला दिसली नाही. एकालासुद्धा नाही.

गल्लीचं काय झालं? बाप्पा! आधी खर्ऱ्यापुरत्या गाड्या होत्या, आता चित्र बघायला येणाऱ्यांच्या वाढल्या. रस्त्यात गाडी लावू नका सांगणारं चित्र बघायला लोक रस्त्यात गाड्या लावत होते. मी हसत होते खरी. चित्र लोकांना आवडलं की कुणाला बरं वाटत नाही? थोडी फुगलेच होते म्हणा ना.

त्या रविवारी मायनं सकाळी आंघोळ करून पांढरं पातळ नेसलं. मला म्हणाली, "इतके लोक येऊन पाहून राह्यले, हसून राह्यले. आता तं समजलं असन त्याइले. जाऊन पाह्यतो." तिला वाटलं, माझ्या चित्रांनी रस्ता झाला असेल. मला नाही म्हणवलं नाही. ती घोडं टेकत टेकत ओट्याखाली उतरली, दुकानापुढून निघाली. दोरीपुढं भावी आणि त्याची पोरं ओळीनं उभी होती आणि एक जण रस्त्यात मागं सरकत सरकत फोटो घेत होता. माय त्यांच्या मागून जायला बघत होती. जागा नव्हती. ती थांबली, वॉकर धरून, डाव्या कोपऱ्यात. बरोब्बर माझ्या चित्रातल्यासारखी.

भावीनं मान वळवली. अगदी अदबीनं म्हणाला, "मावशी, जरा मांगं सरका ना. फोटोत येऊन राह्यल्या."

आणि माय मागं सरकली. वॉकर उचलून, एक पाय, मग दुसरा. फोटो झाला. तिनं पुढं बघितलं, गल्लीत गाड्याच गाड्या. ती वळली आणि ओट्यावर चढून घरात गेली. मी आत गेले तर ती पातळ सोडून घडी घालत होती. मला म्हणाली, "चांगले निंगाले तुहे चित्र. लोक खुश हायत." आणि भांडी घासायला बसली. समोरून आवाज आला, "केस गळतात का?"

मला इतका राग आला, इतका आला, की काय सांगू. भावीचा आला, पण त्याच्यापेक्षा माझ्या त्या दोरीचा आला. बाहेर गेले, चिमट्यांसकट सगळी चित्रं ओढून काढली, गुंडाळी केली आणि मशीनखाली कोंबली. भावी अजून तिथंच होता. "ताई, काहून काढले? पोट्ट्याइचे फोटो टाकनार होते ना तुमी खाली?" मी तोंड उघडलं होतं त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायला. आणि तसंच उघडं ठेवून थांबले. मला तो केळीवाला आठवला.

"टाकते," मी म्हटलं. "सगळ्यांचे टाकते. मोठे. बारीक बारीक नाही, एकेकाचं तोंड घमेल्याएवढं. आणि फुकट."

"फुकट?" भावीचा विश्वास बसेना. मी फुकट काही देत नाही हे गावाला माहीत आहे.

"पण लावायचं मी सांगीन तिथं. लावायचं तुम्ही."

त्या आठवड्यात मी दुसरं काम घेतलं नाही. ठेल्यावर गाडी लावणाऱ्या एकूण एक पोट्ट्याला दुकानात बसवून त्याचं तोंड काढलं. काय ती नाकं आणि काय ते दात! कुणाचा कान वाढवला, कुणाच्या गालात खर्ऱ्याचा तोबरा भरला, आणि प्रत्येक जण बघून म्हणाला, "लय भारी, ताई." दोन लांबच लांब पट्टे झाले. सुरुवातीला भावी, गॉगलसकट. मग शुभेच्छुकांची रांग. वर तेच, 'रस्ता अडवण्यात तालुक्यातून प्रथम, हार्दिक अभिनंदन.' आणि पट्ट्याच्या शेवटी म्हातारी. या वेळी अंगठ्याएवढी नाही, पोरांइतकीच मोठी.

छापायच्या आधी माय चहा घेऊन दुकानात आली. कॉम्प्युटरवरचं चित्र चष्मा लावून बघितलं. पोरं बघून हसली. म्हातारीपाशी आली तेव्हा हसू थांबलं.

"हे मीच ना?"

"हो वं माय."

"मंग उभी काहून हाय?"

मी नुसता माउस इकडून तिकडं फिरवला.

"सगळ्याइच्या चित्रात मले उभीच करून ठेवलं तू. मी काय भीक मागाले उभी हाय? वावरात कदी उभी नाई राह्यली मी, शाळेत नाई राह्यली. चालती काढ मले."

तिला ती कोपऱ्यातली म्हातारी पहिल्यापासून दिसली होती तर. सगळ्या गावात फक्त तिलाच. मी चहा थंड होईस्तोवर तो पाय पुन्हा काढला, एक पाय उचललेला, वॉकर पुढं टाकलेला, मान वर. मायनं बघितलं आणि म्हणाली, "आता हाय बरोबर."

पट्टे लावायला भावी स्वतः आला, तारा, पक्कड घेऊन. त्याला वाटत होतं वर, खांबाला लावायचे. मी म्हटलं नाही, गल्लीच्या तोंडाशी, दोन्ही भिंतींना, आणि खाली. जमिनीपासून कमरेपर्यंत. "इतकं खाली?" म्हणाला. मी म्हटलं, तोंड समोरासमोर दिसलं पाहिजे, वर टांगलं तर लोक फक्त हनुवटी बघतात. हे त्याला एकदम पटलं. गाड्या हलवून पोट्ट्यांनीच पट्टे ताणून बांधले आणि मागं सरून आपापलं तोंड बघत उभे राहिले.

थोड्याच वेळात कोणी बाहेरचा माणूस मोटारसायकल घेऊन आला आणि सवयीनं भिंतीला लावली. स्टँड टेकायच्या आत ठेल्यावरून आरडाओरडा.

"काय बे! माहं तोंड झाकून राह्यला ना! काढ गाडी!"

त्यानं गाडी पुढं घेतली. पुढं दुसऱ्याचं तोंड. "ए भाऊ, टायर नाकाले लागून राह्यलं!" आणखी पुढं घेतली, तिथं तर भावी, गॉगलसकट, तिथं लावायची कुणाची हिंमत? तो माणूस वैतागून पार रस्ता ओलांडून, आमच्या बाजूच्या पडीक जागेत गाडी लावून चालत आला. पोट्टे स्वतःच्या गाड्याही तिकडंच लावायला लागले, कारण स्वतःचं तोंड स्वतः झाकणारा मूर्ख आमच्या गावात नाही. रस्ता अडवल्याबद्दलचं अभिनंदन नीट दिसावं म्हणून ते सगळे मिळून रस्ता मोकळा ठेवत होते. यात काही गडबड आहे असं कुणालाही वाटलं नाही. मीही वाटू दिलं नाही.

रविवारी मायनं पुन्हा पांढरं पातळ नेसलं. मी दुकानातच थांबले, मुद्दाम. तिच्याबरोबर गेले असते तर माझं तोंड सुटलं असतं. ती ओट्यावरून उतरली, रस्त्याशी थांबून दोन्हीकडं बघितलं, एक ऑटो जाऊ दिला आणि ओलांडून गल्लीच्या तोंडाशी पोचली. दोन्हीकडं दात काढलेली पोट्ट्यांची रांग, मधे मोकळा रस्ता, आणि माझी माय, घोडं टेकत. प्रत्येक तोंडापाशी जरा थांबून बघत होती. लग्नाला आल्यासारखी.

भावी ठेल्यापाशी बसला होता. तिला बघून उठला. "या मावशी, या."

"येऊन नाई राह्यली, जाऊन राह्यली," माय म्हणाली आणि पुढं गेली.

मग ती मला दिसेनाशी झाली. मी मशीन चालू केलं, कुणाच्या तरी वाढदिवसाचा फ्लेक्स होता. कान मात्र तिकडंच. समोरून आवाज आला, "केस गळ..." आणि मधेच तुटला. मग बराच वेळ काहीच नाही. मला वाटलं, पडली की काय. तेवढ्यात तिचा आवाज आला. पहिलाच सूर चिरकला, इतके दिवस वापरला नव्हता ना. थांबली. खाकरली. आणि मग तिनं पुन्हा सुरू केलं, तो तोच जुना आवाज, धुऱ्यापल्याड जाणारा, आणि तिच्या मागं बायकांचा. मी मशीन बंद केलं. फ्लेक्स छापताना मधेच थांबवलं की जिथं थांबतं तिथं आडवी रेघ पडते. ती त्या दिवशी एका वाढदिवसवाल्याच्या कपाळावर पडली आणि मला सगळं पुन्हा छापावं लागलं. मी खुर्चीत बसून रडले, अगदी नाक वाहीपर्यंत. लाज कसली त्यात?

डोळे पुसून बघते तर भावी दुकानाच्या दारात उभा. किती वेळ उभा होता कुणास ठाऊक. बुलेट ढकलत आणली होती, बंद करून. विहाराकडं बघत होता.

"ताई," तो म्हणाला, "वाढदिवस झाला का आपन फ्लेक्स काढतो. हा कवरोक ठेवाचा?"

"माय चालते तवरोक."

त्यानं गॉगल काढून शर्टाला पुसला, परत घातला.

"मंग ताई, पक्क्या शाईत छापाले पायजे होता. उन्हानं रंग उडते."

मी तो पक्क्या शाईतच छापला होता.